साहेबाच्या मळ्यातला साहेब

चिंतामणी प्रधान शाळेत एकतीस वर्षं चित्रकला आणि भूमिती शिकवून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी भिवंडीचा इतिहास लिहायला घेतला. सात वर्षांत सहाशे पानं झाली. ती घेऊन ते पुण्या-मुंबईच्या चार प्रकाशकांकडे जाऊन आले. तिघांनी पुस्तक चांगलं आहे असं सांगून परत केलं. चौथ्याने मात्र मनापासून विचारलं, "भिवंडीवर सहाशे पानं? का?" या प्रश्नाचं उत्तर प्रधान मास्तरांना तिथे सुचलं नाही, घरी येऊनही सुचलं नाही. त्यांनी पानं कपाटात ठेवली आणि धामणकर नाक्याजवळच्या आपल्या घराच्या गॅलरीत बसून रिक्षांची भांडणं ऐकण्यात दिवस घालवायला सुरुवात केली.

अशा वेळी केसरीनाथ भोईर त्यांच्या दारात आला. खारबावच्या पुढे, खाडीच्या अंगाला भोईरांची जमीन होती. बापाच्या वेळी तिच्यावर भात आणि गवत पिकायचं, केसरीनाथच्या वेळी गोडाऊनं पिकली. निळ्या पत्र्याची अकरा गोडाऊनं, आणि त्यांच्या मधोमध चार-पाच आंब्यांच्या सावलीत एक जुनं कौलारू घर. त्या जागेला पंचक्रोशीत 'साहेबाचा मळा' म्हणत.

"मास्तर, त्या घराचा इतिहास लिहून पायजे," केसरीनाथ म्हणाला. "आमच्या पोरीचं, उन्नतीचं म्हणणं, तिथं हेरिटेज फार्म करायचा. लग्नाआधीचे फोटो काढायला पोरंपोरी येतील, साखरपुडे होतील. दाराशी संगमरवरी पाटी लावायची. वर इतिहास, खाली तुमचं नाव. इतिहास संशोधक, असं."

'इतिहास संशोधक' हे दोन शब्द मास्तरांनी आजवर फक्त स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिले होते. त्यांनी होकार दिला.

दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी, वही आणि टॉर्च घेऊन ते मळ्यावर गेले. घर लांबून खरोखरच साहेबी दिसत होतं. कमरेएवढं उंच दगडी जोतं, तिन्ही बाजूंनी फिरलेला रुंद व्हरांडा, सागवानी खांब, खांबांच्या डोक्यावर नक्षीच्या लाकडी झालरी, आणि कौलांच्या वर विटांचं चौकोनी धुराडं. कोकणात धुराडं कशाला, हा प्रश्न बघणाऱ्याला पडायच्या आधीच ते आवडून जायचं. व्हरांड्याच्या कठड्यावर मात्र दोरी ताणून बोंबील वाळत घातले होते.

बोंबील ठमाबाईंचे होते. ठमाबाई म्हणजे केसरीनाथची सख्खी आत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी आली, ती या घरातच राहिली. भोईरांनी नवा दुमजली बंगला बांधला तेव्हा बाकी सगळे तिकडे गेले, ही गेली नाही. आता पंचाहत्तरी उलटलेली, पण ताडमाड उंच आणि हाडापेराने दणकट. परसात भाजी लावायची आणि टोपली घेऊन स्वतः बाजारात बसायची. केसरीनाथ बाहेरच्यांना सांगायचा, "घर बंद राहू नये म्हणून तिला ठेवलीय."

मास्तरांनी मोजायला सुरुवात केली आणि तासाभरात ते गोंधळले. मधली खोली अठरा फूट नऊ इंच लांब. व्हरांडा सात फूट पावणेदहा इंच रुंद. कुठलंच माप धड फुटात बसेना. इंग्रजांच्या कामात असं होत नाही, हे एकतीस वर्षं पट्टीने रेघा मारलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मग मुख्य दार. उंची जेमतेम साडेपाच फूट. सहा फुटी गोरा माणूस या घरात राहिला असता तर त्याचं कपाळ रोज फुटलं असतं. त्यांनी केसरीनाथच्या माणसाकडून शिडी मागवली, माळ्यावर चढले आणि टॉर्च लावून धुराडं शोधलं. धुराडं कौलांच्या खाली उतरतच नव्हतं. चार वाशांवर फळी टाकून तिच्यावर नुसतं बसवलं होतं. त्याच्या आत आजवर धूर गेला नव्हता, जाण्याची सोयही नव्हती. आढ्याची तुळई म्हणजे एका गलबताची जुनी डोलकाठी होती. दोर ओढून ओढून पडलेल्या खाचा तिच्यावर अजून दिसत होत्या.

घराच्या आत तर साहेबाचा मागमूस नव्हता. माजघर, माजघराच्या जमिनीत पुरलेलं उखळ, साहेबी बंगल्यात स्वयंपाक बाहेर वेगळा असतो तर इथे चूल घरातच, आणि चुलीमागे भाताची कोठी.

खाली उतरून त्यांनी व्हरांड्यावर बसकण मारली. ठमाबाईंनी कोरा चहा आणून दिला.

"ठमाबाई, हा साहेब कोण होता? नाव काही आठवतं?"

"सायब? कनचा सायब?" ठमाबाई म्हणाल्या. "सायब कोन नवता मास्तर. माझा आजा व्हता, महादू. त्यानी बांधलाय ह्यो घर."

"मग साहेबाचा मळा का म्हणतात?"

"त्यालाच सायब बोलत. चिडवाला." ठमाबाई बोंबील उलटे करू लागल्या. "गलबतात गवत भरून मुंबईला न्यायचा, घोड्यांना. ज्याचे घोडे, त्याचा बंगला मोठा. आजा बाहेर उभा ऱ्हायचा, हिशोब व्हईपर्यंत. आत कोन घेनार त्याला? बाहेरून मातर रोज बगायचा. मंग गलबत मोडला आन् तसाच घर बांधला. आख्खा गाव हसला. बोलले, महादू सायब झाला."

मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांनी वही उघडली, सगळी मापं एकाखाली एक लिहिली आणि भागून पाहिली. प्रत्येक माप पावणेएकोणीस इंचांनी नेमकं भागलं जात होतं. खोली बारा हात, व्हरांडा पाच हात, दार साडेतीन हात. महादू भोईराने स्वतःच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून हे घर उभं केलं होतं. बाहेरून जसं पाहिलं तसं, आणि आत पाहायला मिळालं नव्हतं म्हणून आतून आपलं नेहमीचं. धुराडं कशासाठी असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते होतं, म्हणून त्याने तेही बसवलं होतं. एका कौलाच्या पाठीवर छापलेलं साल सापडलं, १९०८.

सहाशे पानांच्या इतिहासात असं काही त्यांच्या हाती लागलं नव्हतं. ते थेट केसरीनाथच्या ऑफिसात गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळे झाले.

केसरीनाथने शांतपणे ऐकून घेतलं. मग ड्रॉवर उघडून बडीशेपेची डबी पुढे केली.

"मास्तर, म्हंजे साहेब नव्हताच?"

"नव्हता. तुमचे पणजोबाच. विचार करा केसरीनाथशेठ, तुमच्या स्वतःच्या पणजोबांनी–"

"विचार केला. आगऱ्याचं घर बघाला कोन येईल? माझ्या घरी रोज आगरी येतात, त्यांना कोनी तिकीट लावतं का?" त्याने आवाज मऊ केला. "राग नका मानू. पन पोरीनं कार्डं छापली. 'ब्रिटिशकालीन' असं लिहिलंय. तुम्ही एक चांगलासा साहेब बघा ना."

मास्तर बाणेदारपणे उठून घरी आले. रात्रीच्या जेवणात त्यांनी बायकोला, विद्युल्लताबाईंना, सगळी हकीकत सांगितली आणि आपण असलं काही करणार नाही असंही सांगितलं. विद्युल्लताबाईंनी आमटी वाढली. "नका करू," त्या म्हणाल्या. "पाटी तर तुमच्या नावाची होणार होती ना? मग कुणा दुसऱ्याच्या नावाची होईल."

त्या दुसऱ्याचा विचार मास्तरांना चार दिवस सहन झाला. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते टेबलाशी बसले आणि त्यांनी थॉमस हार्टवेल नावाच्या माणसाला जन्म दिला.

एकदा बसल्यावर मात्र त्यांचा हात थांबेना. सात वर्षं कागदपत्रांच्या धाकात लिहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी विचारणारं नव्हतं. हार्टवेल साहेब मुंबईच्या एका तबेल्याचा मालक झाला. त्याला खाडीकाठच्या गवताची पारख होती. त्याच्याकडे 'जुनो' नावाची पांढरी घोडी होती आणि त्याला हापूसपेक्षा रायवळ आंबा आवडायचा. थंडीत तो शेकोटीच्या खोलीत बसून विलायतेला पत्रं लिहायचा. धुराड्याची सोय अशी लागली. हे सगळं भरघोस झालं, पण जरा हवेत तरंगतंय असं वाटून मास्तरांनी शेवटी एक वजनदार वाक्य घातलं: 'सदर जमीन हार्टवेल यांनी १९०८ साली सरकारकडून नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतली होती.' त्या वाक्यावर ते स्वतःच खूष झाले. कागदपत्रांचा वास आला.

पाटी लागली आणि फार्म चालला. रविवारी गोडाऊनच्या ट्रकांमधून वाट काढत नवरा-नवरीच्या गाड्या येऊ लागल्या. धुराडं फोटोत यावं म्हणून मुली मान तिरकी करून उभ्या राहायच्या. उन्नतीने एक पांढरी घोडी भाड्याने आणली आणि तिचं नाव जुनो ठेवलं. ठमाबाईंचे बोंबील परसात गेले. एका स्थानिक वर्तमानपत्राने पाटीवरून लेख लिहिला, दुसऱ्याने पहिल्यावरून. रुचिरा नावाच्या एका विद्यार्थिनीने वास्तुकलेच्या प्रकल्पात या घरावर चाळीस पानं लिहिली आणि खुज्या दाराचा अर्थ 'स्थानिक हवामानाशी वसाहती वास्तुशैलीने केलेली तडजोड' असा लावला. मास्तरांना कामतघरच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं. व्याख्यानानंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून सांगितलं की आपल्या आजोबांनी हार्टवेल साहेबाला घोडीवरून जाताना पाहिलं होतं. मास्तरांनी त्यांना वाकून नमस्कार केला. दुसरं काय करायचं, ते त्यांना कळेना.

"तुमच्या साहेबाला मुलंबाळं?" घरी आल्यावर विद्युल्लताबाईंनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही," मास्तर म्हणाले.

दीड वर्षाने केसरीनाथकडे सरकारी कचेरीतून एक कागद आला. नव्या रस्त्यासाठी त्या भागातल्या जमिनींची कागदपत्रं तपासली जात होती. त्यात कुणीतरी पाटी वाचली होती. नव्याण्णव वर्षांचा पट्टा २००७ साली संपला, तेव्हा घराखालची जागा सरकारजमा का समजू नये, याचा खुलासा मागवला होता. गोडाऊनांच्या जमिनीचे उतारे चोख होते. घराच्या तुकड्याचा सगळ्यात जुना कागद मात्र वाळवीने खाल्लेला होता, आणि उरलेल्या भागात एवढंच वाचता येत होतं: 'साहेबाचा मळा'.

केसरीनाथ धापा टाकत जिना चढून आला.

"मास्तर, साहेब नव्हता असं लिहून द्या."

"मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, नव्हता म्हणून."

"सांगितलं होतंत ना? मग झालं. तेच तिथं सांगा."

चौकशीला दिपाली सोनटक्के नावाच्या अधिकारी होत्या. तिशीतल्या, हसतमुख, आणि टेबलावरची फाईल वरपासून खालपर्यंत वाचलेल्या. मास्तरांनी समोर बसून स्वच्छ कबूल केलं की थॉमस हार्टवेल हा माणूस आपण आपल्या टेबलावर, एका सकाळी, बनवला.

बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. "सर, मी समजू शकते. तुमच्यावर दबाव असेल."

"दबाव नाही हो. तो माणूस खोटा आहे."

"पण सर, तुमच्याशिवाय आणखी सहा ठिकाणी त्यांचा उल्लेख आहे." त्यांनी कात्रणं एकेक करून मांडली. दोन वर्तमानपत्रं, एक स्मरणिका, रुचिराचा प्रकल्प, व्याख्यानाचा वृत्तांत. "आणि हे एका ज्येष्ठ नागरिकांचं निवेदन. त्यांच्या आजोबांनी साहेबांना प्रत्यक्ष पाहिलंय. तुमचं लिखाण फार अभ्यासपूर्ण आहे, सर. मी पाटी दोनदा वाचली. जुनो घोडीचा तपशील कुणी खोटा का लिहील?"

सगळी कात्रणं मास्तरांच्याच पाटीतून उगवली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या इतिहासावर एका वाचकाने शब्दन् शब्द विश्वास ठेवला होता, आणि त्याच वाचकापुढे आपण खोटारडे आहोत हे त्यांना सिद्ध करायचं होतं. ते जमेना. शेवटी ते म्हणाले, "बाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. घर बघायला चला. घराला मी काही शिकवलेलं नाही."

सोनटक्के बाई पुढच्याच मंगळवारी दोन कर्मचारी घेऊन आल्या. मास्तरांनी त्यांना शिडीवरून माळ्यावर नेलं आणि धुराड्याखालची फळी दाखवली. बाईंनी फळीवर टकटक केलं. "मग शेकोटीच्या खोलीचं काय?" त्यांनी विचारलं. ती खोली आपण कशी बांधली, हे मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं. मग डोलकाठीच्या खाचा, जमिनीतलं उखळ, घरातली चूल. बरोबरच्या उंच शिपायाला दारातून ताठ जायला सांगितलं आणि त्याने कपाळ चोळत साक्ष दिली. शेवटी वही काढून पावणेएकोणीस इंचांचा हिशेब समजावला.

"म्हणजे कुणाच्या तरी हाताने मोजलंय," बाई म्हणाल्या. "पण ते महादू भोईरच होते, हे कशावरून?"

"हात आमच्या घरान्याचा हाय, बाई," केसरीनाथ पुढे झाला. त्याने बाही सारून कोपर भिंतीला लावला. शिपायाने पट्टी धरली. साडेसतरा इंच. केसरीनाथने बोटं ताणून पाहिली. पावणेअठरा.

ठमाबाई परसातून वांग्यांची टोपली घेऊन येत होत्या. उंबऱ्यापाशी गर्दी पाहून त्या थांबल्या. मास्तरांची नजर त्यांच्या हातांवर गेली. "ठमाबाई, जरा हात देता?"

"कशाला?"

"मोजायचाय."

ठमाबाईंनी टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि खांबाला लावला. शिपायाने पट्टी धरली, मग बाईंनी स्वतः वाकून पाहिलं. पावणेएकोणीस.

केसरीनाथचा जीव भांड्यात पडला. "बघा बाई," तो आनंदाने बोलू लागला. "ही माझी सख्खी आत्या. ठमाबाई. नामा भोईरांची मुलगी, महादूची सख्खी नात. माझा बाप हिरामन आन् ही, दोघं एका आईची लेकरं. अख्ख्या घरात महादूचा हात फक्त हिच्यात उतरलाय. हिच्याहून मोठा पुरावा कुठला? जन्मापासून ह्याच घरात हाय ती. लिहा बाई, लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. नामा भोईर कधी वारले ते विचारलं, एकाहत्तर साली, तेही लिहिलं. गावातल्या दोन जाणत्यांना बोलावून त्यांचे जबाब घेतले, आणि दोघांनीही लहानपणी ऐकलेलं महादूचं टोपणनाव हसत हसत सांगितलं. मग बाईंनी पंचनामा वाचून दाखवला. घर महादू भोईर यांनी बांधलेलं दिसतं, साहेबाचा पुरावा आढळत नाही, जागा कुटुंबाची. केसरीनाथने हात जोडले. बाई पुढे वाचत गेल्या: नामा यांचे वारस दोन, मयत मुलगा हिरामण यांच्यातर्फे केसरीनाथ, आणि मुलगी ठमाबाई, जन्मापासून कब्जात. ठमाबाईंनी हक्क सोडल्याचा कागद असल्यास सादर करावा.

"तसा कागद आहे?" बाईंनी विचारलं.

केसरीनाथने आत्याकडे पाहिलं. कागद नव्हता. घ्यायचं कुणाला कधी सुचलंच नव्हतं. ती घर सांभाळायला ठेवलेली होती, तिचा कागद कशाला लागतो?

"आत्या, एक सही–"

"मना सही येत न्हाय," ठमाबाई म्हणाल्या. "अंगठा हाय. तो द्यायचा का न्हाय, ते मी बगीन." आणि टोपली उचलून त्या आत गेल्या.

पुढच्या सहा महिन्यांत नोंद झाली आणि घरावर दोन नावं लागली. केसरीनाथने आत्याला बंगल्यावर जेवायला बोलावलं, नवं लुगडं दिलं, तीर्थयात्रेची तिकिटं काढतो म्हणाला. ठमाबाई जेवून आल्या, लुगडं नेसल्या, यात्रेला गेल्या नाहीत. अंगठा दिला नाही. उन्नतीशी मात्र त्यांचं जमलं. दोघींनी बसून ठरवलं की पाहुणे आठवड्यातून दोनच दिवस यायचे आणि ठमाबाईंच्या चुलीवरचं जेवायचे. बाकीचे पाच दिवस व्हरांडा ठमाबाईंचा. पाटी उतरवली. मास्तरांनी नवा मजकूर विनामूल्य लिहून दिला, महादूचा, गलबताचा, हातांच्या मापाचा. उन्नतीने तो छापील पत्रकावर घातला. पाहुणे तो वाचायचे आणि विचारायचे, "पण मग साहेब कुठे गेला?" एका जोडप्याने तर आगाऊ दिलेले पैसे परत मागितले.

रुचिराच्या प्रकल्पाला त्याच वर्षी महाविद्यालयाचं बक्षीस मिळालं. मास्तरांनी तिला खरं काय ते सविस्तर पत्राने कळवलं. तिचं नम्र उत्तर आलं की त्यांचं नवं मत रोचक आहे, पण मूळ साधनांशी जुळत नाही.

ते पत्र मास्तरांनी विद्युल्लताबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ हसत राहिल्या, आणि थोड्या वेळाने मास्तरही हसले.

चैत्रात ठमाबाईंनी त्यांना निरोप पाठवून बोलावून घेतलं. घरात संडास-न्हाणी नव्हती. महादूने बाहेरून बंगला पाहिला तेव्हा ती कुठे असते ते त्याला दिसलं नसणार. इतकी वर्षं ठमाबाई परसापलीकडच्या पत्र्याच्या खोपटात जात होत्या. आता गुडघे ऐकत नव्हते.

"घराला लागून पायजे," त्या म्हणाल्या. "बाहेरून दिसाला नको. जोत्याला हात लावाचा न्हाय. तू काढून दे, गवंडी माझा हाय."

मास्तर दिवसभर घराभोवती फिरले. कोठीच्या मागची, माडाच्या आडची जागा त्यांनी नक्की केली. कागद पसरून नकाशा काढला, पाण्याचा उतार दाखवला, दाराची उंची वाढवली. ठमाबाईंनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा करून घेतला आणि बोटाने एक जागा दाखवली.

"हितं खिडकी. खाडीकडं."

"न्हाणीला एवढी मोठी खिडकी?"

"वारा येतो," ठमाबाई म्हणाल्या. "तू काढ."

मास्तरांनी खोडरबर घेतलं आणि भिंतीची रेघ पुसून खिडकी काढली.